डावीकडचा दुसरा दात

माझ्या नोकरीची एकतीस वर्षं लोकांचे अर्ज परत पाठवण्यात गेली. सही राहिली, परत. फोटो चिकटवला पण सही फोटोवरून आडवी गेली नाही, परत. कचेरीत मला पाठीमागे 'परतबाई' म्हणत. ते मला पहिल्याच वर्षी कळलं होतं आणि मी ते कधी मनावर घेतलं नाही. सांगायचं एवढंच, की कुणाचं कौतुक करायची मला सवय नाही. तेव्हा भावजयीबद्दल मी जे लिहिते आहे ते नणंदेनं उगाच गायलेले गोडवे समजू नयेत. नणंदा असं काही करत नाहीत, हे सगळ्यांना ठाऊक आहे.

माझ्या धाकट्या भावाचा कवळ्यांचा कारखाना आहे. कारखाना म्हणजे घराच्या मागच्या दोन खोल्या. दातांचे डॉक्टर पेशंटच्या जबड्याचा ठसा घेऊन पाठवतात, सोबत त्याचा एक फोटो. भाऊ त्यात प्लास्टर ओतून साचा काढतो. भावजय त्या साच्यावर गुलाबी मेणात एकेक दात बसवते. मग भाऊ त्याची पक्की कवळी करतो आणि मशीनवर घासून चकचकीत करतो. यातलं अवघड काम कुठलं हे सांगायला डॉक्टर लागत नाही. मेणाची सुरी स्पिरिटच्या दिव्यावर धरायची, थेंबभर मेण वितळवायचं, दात टेकवायचा, केसभर फिरवायचा, एक डोळा मिटून बघायचं. वरच्या एका कवळीला असं चौदा वेळा. बावीस वर्षं भावजय खिडकीपाशी बसून हे करत आली. पण कवळीबरोबर जाणाऱ्या चिठ्ठीवर सही भावाची, दारावरच्या पाटीवर नाव भावाचं, आणि डॉक्टर फोनवर म्हणणार, साहेब, तुमच्या हाताला तोड नाही. साहेब म्हणणार, कसचं कसचं.

तर ही भावजय वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी एका दुपारी माझ्या खोलीत आली. पाठीमागे काहीतरी लपवलेलं होतं. मला वाटलं, काही फुटलं असेल. निघाला कॉलेजचा अर्ज.

कवळ्या आणि कृत्रिम दात बनवण्याचं दोन वर्षांचं शिक्षण होतं ते. शाळा पुरी केलेल्या पोरांसाठी. पण दरवर्षी तिथं एक जागा अशा माणसासाठी ठेवलेली असते, ज्याची शाळा अर्धी राहिली पण ज्यानं दहा वर्षं हे काम स्वतःच्या हातानं केलं आहे. एकच जागा. भावजयीची शाळा सोळाव्या वर्षी सुटली होती.

मी म्हटलं, अगं, तुला येतं ते शिकायला दोन वर्षं कशाला घालवतेस? आता तर पोरगी नोकरीला लागली, जरा पाय पसरून बस.

ती म्हणाली, "ताई, गेल्या वर्षी एक कवळी तीनदा परत आली. चौथ्यांदा बसली. आधी का बसत नव्हती आणि मग का बसली, ते मला अजून माहीत नाही. मला नुसतं येतं. कळत काहीच नाही."

एकतीस वर्षांत हजारो अर्जांवर 'कारण' हा रकाना मी वाचला आहे. घरची परिस्थिती, समाजसेवेची आवड, लहानपणापासूनचं स्वप्न, सगळं वाचलं. इतकं स्वच्छ कारण कुणी लिहिलं नव्हतं. मी चष्मा लावला आणि म्हटलं, आण इकडे.

अर्ज चार पानी होता. पहिल्या पानाला काही अडलं नाही. दुसऱ्या पानावर विचारलं होतं, स्वतःच्या हातानं काम केल्याचा पुरावा जोडा. तिनं मोठ्या विश्वासानं चिठ्ठ्यांच्या नकलांची फाइल आणली. मी एकेक चिठ्ठी उलटून बघितली आणि फाइल मिटली. सगळीकडे भावाची सही. मी तिला स्पष्ट सांगितलं की कागदावर तू अस्तित्वातच नाहीस. माझ्यापुढे हा अर्ज आला असता तर मीही परत पाठवला असता.

तिसऱ्या पानावर एक प्रश्न होता: तुमच्या कामातली एक चूक सांगा, आणि ती तुम्हाला कशी कळली ते लिहा. भावजय जरा विचार करून म्हणाली, काही नाही असं लिहा. बावीस वर्षांत परत आलेल्या कवळ्या मोजून चार. मीही तसंच लिहिलं. माणसानं उगीच हात दाखवून अवलक्षण करू नये.

पुराव्याची गोष्ट भावाच्या कानावर घातली तर तो हसला. म्हणाला, आम्ही दोघं काय वेगळे आहोत का? मी म्हटलं, नसाल तर उद्यापासून पाटीवर तिचं नाव लाव. तो उठून आत गेला आणि बराच वेळ घासायचं मशीन चालू ठेवलं. मला वाटलं, झालं, आता महिनाभर माझ्याशी बोलणार नाही. पण तिसऱ्या दिवशी त्यानं आपण होऊन एक कागद माझ्यापुढे ठेवला. त्यावर लिहिलं होतं, या कारखान्यातून बावीस वर्षांत गेलेल्या प्रत्येक कवळीतले दात माझ्या पत्नीनं बसवले आहेत. मला दात बसवता येत नाहीत. शेवटचं वाक्य मी मागितलं नव्हतं. माझ्या भावाबद्दल मला जे काय वाटायचं ते त्या वाक्यापासून जरा बदललं.

पण घरच्याची साक्ष कुठल्याच कचेरीत चालत नाही. मग भावजयीनंच तोड काढली. तिचं म्हणणं असं, की सरळ रेषेत बसवलेले दात दुरूनच ओरडून सांगतात की आम्ही खोटे आहोत. म्हणून ती कधीच तसे बसवत नाही. कुठंतरी एखादा दात थोडा वळवते, चेहरा बघून. माझ्या दोन कवळ्या एकसारख्या निघायच्या नाहीत, ती म्हणायची, आणि हे म्हणताना ती, एरवी मान खाली घालून बसणारी बाई, मान वर करायची. तेव्हा ज्यांच्या तोंडात तिच्या कवळ्या आहेत त्यांना डॉक्टरांकडून पत्ते घेऊन शोधायचं, त्यांचे हसतानाचे फोटो घ्यायचे, आणि त्यांनी दोन ओळी लिहून द्यायच्या.

पंधरा दिवस आम्ही दोघी लोकांना हसवत हिंडलो. एक निवृत्त बसचालक, एक गाणं शिकवणाऱ्या बाई, एक लोखंडाच्या सामानाचा दुकानदार, शाळेच्या दारातले एक चौकीदार. बसचालक इतके गंभीर, की त्यांना हसवायला त्यांच्या बायकोनं त्यांच्याच लग्नातली फजिती सांगितली. प्रत्येक दारात मी प्रस्तावना करायची आणि भावजय पुढे होऊन नुसतं त्या माणसाच्या तोंडाकडे बघायची. काही लोक अवघडायचे. पण बावीस वर्षांत परक्यांच्या तोंडात आपलं काम चालतं-बोलतं झालेलं ती पहिल्यांदाच बघत होती. गाणं शिकवणाऱ्या बाईंनी तिचा हात धरून सांगितलं की या दातांनी माझा 'स' परत आणला. परतीच्या बसमध्ये भावजय खिडकीबाहेर तोंड करून बसली होती.

नऊ फोटो जमले. धुऊन आले तसे स्वयंपाकघराच्या टेबलावर ओळीनं मांडले. आता माझं आयुष्य सह्या ताडून बघण्यात गेलेलं. दहा कागदांतली एक खोटी सही मी चहा पिता पिता काढून दिली आहे. मी त्या नऊ तोंडांवरून नजर फिरवली आणि मला ते दिसलं. नऊही जणांचा डावीकडचा दुसरा दात, म्हणजे मधल्या मोठ्या दाताच्या शेजारचा, किंचित आत वळलेला होता. तेवढाच, त्याच बाजूला. बसचालकाचा तसाच, गाणंवाल्या बाईंचा तसाच. मी टेबलावर हात आपटला. म्हटलं, मिळाला पुरावा. ही तुझी सही आहे. आता कोण माय का लाल नाही म्हणतो बघू.

भावजयीचा चेहरा मात्र उतरला होता. तिनं फोटो एकेक करून जवळ घेतले. मग एका फोटोवर बोट ठेवून म्हणाली, "ही माझ्या आईची जिवणी आहे, ताई."

तिची आई ती अकरा वर्षांची असताना गेली. घरात त्या बाईंचा एकच फोटो, तोही तोंड मिटलेला. पण आई हसली की तो दात दिसायचा, एवढं तिला आठवत होतं. चेहरा बघून वळवते असं ती बावीस वर्षं समजत होती. प्रत्यक्षात कुणाचाही चेहरा ती बघत नव्हती. हात आपोआप एकाच जागी वळत होता.

मी उठून न्हाणीघरात गेले आणि आरशासमोर ओठ वर केले. माझी वरची कवळी पाच वर्षांपूर्वी तिनंच केली आहे. डावीकडचा दुसरा, किंचित आत. एवढी वर्षं जिला टोमणे मारले तिची आई माझ्या तोंडात बसून होती. माझे मूळचे दात पुढे होते आणि मधे फट होती, आणि ते गेले तेव्हा मला मनापासून आनंद झाला होता. हे मी बाहेर येऊन तिला सांगितलं. तिला बरं वाटावं म्हणून सांगितलं, पण ती म्हणाली, "तुम्हाला आनंद झाला ते ठीक. पण मी तुम्हाला विचारलं नव्हतं."

दोन दिवस ती खिडकीपाशी बसलीच नाही. डॉक्टरांचे फोन आले, भावानं काहीतरी थापा मारल्या. मी माझ्या परीनं शहाणपण सांगितलं. अर्जात खोटं लिहू नये, पण सगळंच खरं लिहावं असंही कुठं लिहिलेलं नाही. नऊ फोटो जोडू, खाली लिहू, अर्जदाराची स्वतःची खास शैली. वाचणारा खूश होईल. एक जागा आहे, त्यावर पाणी सोडायचं का? तिनं ऐकून घेतलं. तिसऱ्या दिवशी सकाळी तिनं माझ्याकडून तिसरं पान मागून घेतलं, माझं 'काही नाही' खोडलं, आणि स्वतःच्या अक्षरात लिहिलं:

"बावीस वर्षं मी लोकांना त्यांचे दात दिले नाहीत, माझ्या आईचे दिले. कुणी तक्रार केली नाही, कारण मी कुणाला विचारलंच नव्हतं. हे मला या अर्जासाठी फोटो गोळा करताना कळलं."

खाडाखोड झालेला अर्ज मी आयुष्यात पुढे जाऊ दिला नव्हता. हा मी स्वतः पाकिटात घातला.

त्या दिवसापासून तिनं एक नवं खूळ काढलं. ठसा आला की दात बसवण्याआधी ती डॉक्टरांकडे एक कागद पाठवू लागली. त्यावर चार प्रश्न. तुमचे दात पूर्वी कसे होते, कुणी त्यांना हसायचं का, त्यातलं काय परत हवं, काय नको. एक डॉक्टर कुरकुरले की पेशंटला हे विचारत बसायला इतका वेळ कुणाला आहे. भावानं त्यांना सांगितलं, दात बसवणाऱ्या बाईंचं तसं म्हणणं आहे. बाई कोण, असं त्यांनी विचारलं, तेव्हा भावानं सांगितलं. उत्तरं यायला लागली तशी ती रात्रीच्या जेवणाला आम्हाला वाचून दाखवायची. एकानं लिहिलं होतं, सुळे मोठे होते, पोरं घाबरायची, तसेच द्या.

महिन्यानं पत्र आलं. आलेल्या अर्जांतून चौघांना परीक्षेला बोलावलं होतं. तीन तास, एक साचा, वरची संपूर्ण कवळी मेणात बसवायची. मी सोबत गेले. ती चौघांत सगळ्यात मोठी होती, बाकी तिघे तिशीच्या आतले. परीक्षक बाईंनी प्रत्येकाला साचा आणि एका म्हाताऱ्या माणसाचा फोटो दिला आणि दार लावून घेतलं. फोटोत माणसाचं तोंड मिटलेलं होतं, एवढं मला दार लागता लागता दिसलं.

बाहेर लांबलचक व्हरांडा. एका स्टुलावर कॉलेजचा शिपाई बसलेला, गाल आत गेलेले. गप्पा निघाल्या. आत कुणाचा साचा आहे म्हणून मी सहज विचारलं, तर तो म्हणाला, माझाच की. दरवर्षी माझंच तोंड देतात परीक्षेला. पोरं चांगली करतात बसवून, मग कॉलेजवाले एक पक्की करून मला देतात. घरी डबाभर झाल्यात. घालत का नाही म्हणून विचारलं तर हात हलवला. म्हणाला, चावायला बऱ्या आहेत, पण आरशात दुसराच कुणीतरी दिसतो.

दीड तास झाला असेल. दार उघडलं आणि भावजय बाहेर आली. बोटांना मेण लागलेलं, कपाळावर प्लास्टर. मला वाटलं, ही सोडून आली. ती माझ्याकडे न बघता सरळ शिपायाच्या स्टुलापुढे जाऊन उकिडवी बसली. नंतर कळलं, ते असं. चौदाच्या चौदा दात बसवून झाल्यावर तिनं पाहिलं, तर डावीकडचा दुसरा आत वळलेला. हातानं आपलं काम केलंच होतं. तिनं मेण गरम करून तो काढला आणि उठून परीक्षक बाईंना विचारलं, ज्यांचं हे तोंड आहे त्यांना विचारता येईल का? बाईंनी दाराकडे बोट केलं.

"काका," ती म्हणाली, "तुमचे दात कसे होते?"

शिपाई आधी हसला, मग थांबला. म्हणाला, इतकी वर्षं झाली, हे कुणी विचारलं नाही. मग त्यानं सांगितलं. समोरच्या दोनांतला उजवा अर्धा तुटलेला होता. तेराव्या वर्षी सायकलवरून पडला होता. बाकीचे बरे होते, एकमेकांवर जरा चढलेले. बोलता बोलता तो बोटानं आपल्या रिकाम्या हिरडीवर एकेक जागा दाखवत होता आणि भावजय त्याच्या तोंडात मान घालून बघत होती.

"तो तुटका तसाच हवा, की सरळ करू?" तिनं विचारलं.

शिपायानं हिरडीवर त्या जागी जीभ फिरवली. मी घड्याळाकडे बघत होते. शेवटी तो म्हणाला, "तसाच द्या."

ती आत गेली. या सगळ्यात अर्धा तास गेला होता. तीन तास संपल्यावर बाकीचे तिघे हात झटकत बाहेर आले आणि ती शेवटी आली. मी विचारलं, झालं सगळं? तर म्हणाली, सगळेच उपसून नव्यानं बसवले, तो तुटका घासून अर्धा केला, पण मागच्या दोन दाढा राहिल्या. मला राग आवरला नाही. बावीस वर्षं दात बसवून परीक्षेत दाढा सोडून येणारी तूच, असं काहीबाही मी बसस्टॉपपर्यंत बोलत राहिले. ती शांत होती. म्हणाली, दाढा कुणालाही बसवता येतील, ताई. तिच्या तोंडून असं वाक्य मी कधी ऐकलं नव्हतं. त्यात घमेंड नव्हती. तिला एक गोष्ट नक्की कळली होती आणि ती तिनं सांगितली, इतकंच.

घरी आल्यावर मी भावाला सांगितलं, जागा गेली म्हणून समज. आणि माझ्या खोलीत जाऊन बसले तेव्हा मला जाणवलं की मला वाईट जागेचं वाटत नव्हतं. मी तिच्या जागी असते तर कधीच उठून बाहेर आले नसते. चौदा दात बसवून, वेळेआधी, सही करून मोकळी झाले असते. एकतीस वर्षं मी तेच केलं. समोरच्या अर्जातलं माणूस दाराबाहेर बसलेलं असायचं, आणि मी एकदाही उठून त्याला विचारायला गेले नाही.

जागा तिला मिळाली. पत्र भावानं उघडलं आणि उभ्या उभ्या दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना मधेच त्यानं पत्र माझ्या हातात दिलं, म्हणून शेवटचा परिच्छेद मी वाचला. त्यात काम अपूर्ण असल्याचा उल्लेख होता आणि वर्ग सुरू होण्याची तारीख होती.

पहिल्या दिवशी मी पुन्हा तिच्यासोबत गेले. तशी काही गरज नव्हती. फाटकाशी तोच शिपाई उभा होता. आम्हाला बघून तो हसला आणि मी क्षणभर त्याला ओळखलंच नाही. गाल भरलेले, आणि समोरचा एक दात अर्धा तुटलेला. परीक्षेतलीच कवळी कॉलेजनं पक्की करून दिली होती, राहिलेल्या दाढा तिथल्या कुणीतरी बसवल्या होत्या. भावजयीनं लगेच विचारलं, कुठं टोचत तर नाही ना, जेवताना हलते का. तो म्हणाला, थोडी हलते, पण ते राहू द्या.

मग तो म्हणाला, "पहिल्या दिवशी घालून घरी गेलो. बायकोनं दार उघडलं, माझ्याकडे बघितलं, आणि म्हणाली, 'आलात?'"